जिंकल्यानंतरचं काम कुणाचं होतं? इराक २००३ आणि जबाबदारीची टोलवाटोलवी

मार्च २००३ च्या शेवटच्या आठवड्यात कुवेतमध्ये मुक्काम ठोकून बसलेल्या, इराकचा युद्धोत्तर कारभार पाहण्यासाठी नेमलेल्या एका अमेरिकी कार्यालयाने आपल्याच सैन्याकडे एक यादी पाठवली. बगदाद हातात आलं की कोणत्या १६ जागांवर आधी पहारा बसवायचा, त्याची. पहिल्या क्रमांकावर मध्यवर्ती बँक होती, दुसऱ्यावर राष्ट्रीय संग्रहालय. तेल मंत्रालय पार तळाला, सोळाव्या क्रमांकावर.

९ एप्रिलला बगदाद पडलं. फिरदौस चौकातला सद्दाम हुसेनचा पुतळा खाली येताना जगाने टीव्हीवर थेट पाहिला. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात लुटारू शिरले आणि पुढचे दोन-तीन दिवस त्यांना अडवायला कुणी नव्हतं. सुमारे १५,००० वस्तू गेल्या. अमेरिकी रणगाडे तिथे पहाऱ्याला पोचले ते १६ तारखेला. तेल मंत्रालयाभोवती मात्र पहिल्यापासून सैनिक उभे होते.

गेलेल्या वस्तूंत वार्का या प्राचीन शहराचं दगडी पात्र होतं. पाच हजार वर्षांपूर्वीचं, मीटरभर उंचीचं, त्यावर नैवेद्य घेऊन चाललेल्या लोकांची रांग कोरलेली. लुटारूंनी ते पायापासून उखडून नेलं. जूनमध्ये तिघे जण एका गाडीतून आले आणि ते परत देऊन गेले, तुकड्यांच्या स्वरूपात. दरम्यान ११ एप्रिलला संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना पत्रकारांनी लुटालुटीबद्दल विचारलं होतं. त्यांचं उत्तर साधारण असं होतं: असं घडतंच, स्वातंत्र्य थोडं अस्ताव्यस्तच असतं. टीव्हीवाले एकाच माणसाला एकच फुलदाणी नेताना पुन्हा पुन्हा दाखवतात, त्या अख्ख्या देशात एवढ्या फुलदाण्या तरी असतील का, असा विनोदही त्यांनी केला. खोलीत हशा पिकला.

इराकबद्दल बोलताना ‘युद्धानंतर काय करायचं याचा कुणी विचारच केला नव्हता’ असं सर्रास म्हटलं जातं. ती १६ जागांची यादी त्या समजुतीला छेद देते. विचार झाला होता, कागदावर उतरला होता, क्रमांक घालून पाठवलाही होता. तो जिथे पोचायला हवा होता तिथे पोचला नाही, किंवा पोचूनही कुणाला तो आपल्याला लागू आहे असं वाटलं नाही. त्यामुळे ‘योजना का नव्हती?’ या प्रश्नात फारसं हशील नाही. योजना असून ती कुणाचीच का नव्हती, हे विचारायला हवं.

कागद कमी नव्हते

लष्करी नियोजनात युद्धाचे टप्पे पाडतात. तयारी, पहिले घाव, मुख्य लढाई, आणि मग चौथा टप्पा: शत्रूचं सरकार कोसळल्यानंतरचा. पोलीस कोण, पाणी कोण सोडणार, पगार कोण वाटणार, तुरुंगाच्या किल्ल्या कुणाकडे. लढाईचे टप्पे जनरल लोकांना आवडतात. चौथ्याचा त्यांना कंटाळा असतो, कारण त्यात नकाशावर बाण काढता येत नाहीत.

तरीही इराकच्या चौथ्या टप्प्यावर बरंच लिहून झालं होतं. १९९९ मध्येच, जनरल अँथनी झिनी मध्य-पूर्वेच्या कमांडचे प्रमुख असताना, ‘डेझर्ट क्रॉसिंग’ नावाचा एक सराव झाला. मैदानावरचा नव्हे, टेबलावरचा. सद्दाम गेला तर काय होईल? त्यातला हिशेब सुमारे ४ लाख सैनिकांचा होता, आणि एवढे असूनही देश फुटू शकतो असा इशाराही होता. परराष्ट्र खात्याने २००२ मध्ये ‘इराकचं भवितव्य’ नावाचा प्रकल्प चालवला. देशाबाहेर राहणारे दोनशेहून अधिक इराकी जमवले, १७ गट केले. न्यायव्यवस्था, वीज, शेती, सैन्य अशा विषयांवर १३ खंड तयार झाले. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वॉर कॉलेजमधल्या दोन अभ्यासकांनी ताबा मिळाल्यानंतर कराव्या लागणाऱ्या १३५ कामांची जंत्रीच दिली, आणि इराकी सैन्य बरखास्त करू नका असं बजावलं.

हे सगळं परिपूर्ण होतं असं नाही. परराष्ट्र खात्याचे खंड बरेचसे चर्चेची टिपणं होती. सोमवारी सकाळी बगदादच्या पोलीस ठाण्यात कोण बसणार, हे त्यांत सापडत नाही. पण धोके कुठे आहेत ते लिहिलेलं होतं.

शेजारी एक जुना दाखला ठेवून बघा. जर्मनीने शरणागती पत्करली मे १९४५ मध्ये. जिंकलेल्या मुलखाचा कारभार कसा हाकायचा हे शिकवणारी अमेरिकी लष्कराची शाळा व्हर्जिनिया विद्यापीठात सुरू झाली मे १९४२ मध्ये, म्हणजे तब्बल तीन वर्षं आधी, जेव्हा युद्ध जिंकणार की नाही याचीही खात्री नव्हती. इराकसाठी हे काम ज्या कार्यालयाकडे सोपवलं, त्याचा जन्म २० जानेवारी २००३ चा. हल्ला झाला २० मार्चला. मध्ये दोन महिने.

वरातीमागून घोडं

त्या २० जानेवारीला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एका आदेशावर सही केली आणि युद्धोत्तर कारभाराची सगळी जबाबदारी संरक्षण खात्याकडे दिली. तोवर परराष्ट्र खातं, संरक्षण खातं, गुप्तचर यंत्रणा आणि परदेशी मदत देणारी संस्था असे चार-पाच जण आपापल्या चुली मांडून बसले होते. एकाच्या हाती सूत्रं द्यावीत हा विचार चूक नव्हता. ज्याच्या हाती दिली त्याला बाकीच्यांचं शिजलेलं नको होतं, इथे घोडं पेंड खाऊ लागलं.

निवृत्त जनरल जे गार्नर यांना या नव्या कार्यालयाचे प्रमुख नेमलं. १६ जागांची यादी यांच्याच लोकांची. फेब्रुवारीत त्यांनी सगळ्या खात्यांची माणसं दोन दिवस एका सभागृहात बसवून उजळणी घेतली, तेव्हा परराष्ट्र खात्याच्या त्या प्रकल्पाचे सूत्रधार टॉम वॉरिक यांच्याशी त्यांची गाठ पडली. हा माणूस सगळं कोळून प्यायला आहे हे ओळखून गार्नरनी त्यांना आपल्या चमूत घेतलं. थोड्याच दिवसांत रम्सफेल्ड यांनी गार्नरना सांगितलं: त्याला काढा. हा हुकूम आपल्याही वरून आला आहे, असं त्यांनी सुचवल्याचं गार्नर यांनी नंतर सांगितलं. ज्याने १३ खंड उभे केले तो घरी, आणि खंड कपाटात.

लढाईची सूत्रं ज्यांच्याकडे होती ते जनरल टॉमी फ्रँक्स यांचा पवित्रा आणखी वेगळा. ‘लढाईच्या दिवसाचं मी बघतो, नंतरच्या दिवसाचं तुम्ही बघा’, असं आपण पेंटॅगॉनला, म्हणजे संरक्षण खात्याला, सांगितल्याचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. वाक्य ऐकायला चटपटीत आहे. पण नंतरच्या दिवशीही शहरात बंदुका फ्रँक्स यांच्याच माणसांकडे असणार होत्या. गार्नरकडे होते काही शे लोक. ते कुवेतमधल्या हॉटेलात विमानाची वाट पाहत बसलेले. गार्नर बगदादला पोचले २१ एप्रिलला. तोवर २३ पैकी १७ मंत्रालयांच्या इमारती लुटून, जाळून झाल्या होत्या. मंत्रालयं ताब्यात घेऊन चालवायची अशी योजना होती. चालवायला मंत्रालयंच उरली नव्हती.

आता यात दोष कुणाचा? गार्नर म्हणू शकतात, मी यादी दिली होती. फ्रँक्स म्हणू शकतात, नंतरचं काम माझं नव्हतं. परराष्ट्र खातं म्हणू शकतं, आम्हाला बाजूला सारलं. प्रत्येकाचं म्हणणं अर्धं खरं. खात्या-खात्यांतल्या अशा भांडणात निवाडा करणं हे व्हाइट हाऊसमधल्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचं काम असतं. तेव्हा त्या पदावर कोंडोलिझा राइस होत्या. इराकसाठी व्हाइट हाऊसमधून समन्वय करणारा गट त्यांच्या देखरेखीखाली स्थापन झाला तो ऑक्टोबर २००३ मध्ये. बगदाद पडून सहा महिने झाले होते.

खरा खर्च सांगितला असता तर

इथवरचं वाचून वाटेल की हा सरकारी ढिसाळपणाचा नेहमीचा नमुना आहे. मला तसं वाटत नाही. ढिसाळपणाने झालेल्या चुका दोन्ही बाजूंना जातात: कधी खर्च जास्त धरला जातो, कधी कमी. इथे सगळ्या चुका एकाच बाजूला झुकलेल्या दिसतात. सैन्य कमी लागेल, पैसा कमी लागेल, वेळ कमी लागेल.

२५ फेब्रुवारी २००३ रोजी सिनेटच्या समितीसमोर लष्करप्रमुख एरिक शिनसेकी यांना विचारलं गेलं, ताबा टिकवायला किती सैन्य लागेल? आढेवेढे घेत त्यांनी सांगितलं, काही लाख. दोनच दिवसांनी संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ दुसऱ्या समितीसमोर म्हणाले की हा आकडा वास्तवापासून फार दूर आहे. देश जिंकायला लागतं त्याहून जास्त सैन्य तो सांभाळायला लागेल, ही कल्पनाच करवत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पण बोस्निया आणि कोसोवोचा अनुभव ताजा होता. तिथे दर हजार लोकसंख्येमागे वीसच्या आसपास सैनिक ठेवले होते. इराकची लोकसंख्या अडीच कोटी. तोंडी हिशेब केला तरी ५ लाख येतात. प्रत्यक्षात अमेरिकी सैनिक होते दीड लाखाच्या आसपास.

(शिनसेकींना या उत्तरापायी काढून टाकलं, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते खरं नाही. ठरलेली मुदत संपल्यावर जून २००३ मध्ये ते निवृत्त झाले, आणि त्यांच्या वारसाचं नाव वर्षभर आधीच फुटलं होतं. पण त्यांना जाहीरपणे खोटं पाडलं गेलं ते सगळ्या गणवेशधाऱ्यांनी पाहिलं आणि त्यातून घ्यायचा तो बोध घेतला.)

पैशाचीही तीच कथा. बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी सप्टेंबर २००२ मध्ये युद्धाचा खर्च १०० ते २०० अब्ज डॉलर होईल असं एका वृत्तपत्राला सांगितलं. डिसेंबरात ते पदावरून गेले. त्यानंतर अर्थसंकल्प विभागाच्या प्रमुखांनी ५०-६० अब्जांचा आकडा दिला. मार्च २००३ मध्ये वुल्फोवित्झ यांनी सांगितलं की इराककडे तेल आहे, तो आपल्या पुनर्बांधणीचा खर्च स्वतःच उचलेल. एप्रिलमध्ये परदेशी मदत संस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅटसिओस टीव्हीवर ठामपणे म्हणाले, अमेरिकी करदात्यावर १.७ अब्ज डॉलरहून जास्त बोजा पडणार नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकी संसदेने एका फटक्यात १८ अब्जांहून अधिक मंजूर केले. पुनर्बांधणीचा एकूण आकडा पुढच्या दहा वर्षांत ६० अब्जांच्या घरात गेला. हा फक्त पुनर्बांधणीचा, लढाईचा खर्च वेगळा.

असं का होतं, हे समजायला फार खोलात शिरावं लागत नाही. ‘पाच लाख सैनिक, शेकडो अब्ज डॉलर, दहा वर्षं’ असं प्रामाणिक अंदाजपत्रक मांडलं असतं तर पुढचा प्रश्न आपसूक आला असता: मग हे युद्ध करायचंच कशाला? नंतरचं नियोजन नीट करणं म्हणजे युद्धाचीच बाजू लंगडी करणं. म्हणून ते नीट होणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

ब्रिटनमध्ये याचं आणखी उघड उदाहरण मिळतं. २००२ च्या शरदात संरक्षण दलांचे प्रमुख अॅडमिरल बॉइस यांना आपल्याच रसद विभागाच्या प्रमुखाशी तयारीबद्दल बोलायची मुभा नव्हती. कारण? तयारी दिसली तर युद्ध ठरलंय असं लोकांना कळेल, आणि राजनैतिक प्रयत्न चालू असल्याचा देखावा मोडेल. हे बॉइस यांनी स्वतः चौकशी समितीपुढे सांगितलं. ज्या सरकारला चिलखतं मागवायचीही चोरी, ते पोलीस आणि न्यायाधीश कुठून जमवणार?

म्हणून माझं मत असं: वाईट नियोजनाचा दोष युद्धाच्या निर्णयापासून वेगळा काढता येत नाही. ‘निर्णय बरोबर होता, अंमलबजावणी चुकली’ असं म्हणायची सोय नंतर अनेकांनी करून घेतली. पण अंमलबजावणीचा विचार दाबून ठेवला, म्हणूनच तो निर्णय गळी उतरवता आला.

एक सही, चार लाख माणसं

तरी सगळं वरच्यांवर ढकलून मोकळं होता येत नाही. त्याची परीक्षा घेणारी एक घटना मे २००३ मध्ये घडली.

१२ मे रोजी गार्नरच्या जागी पॉल ब्रेमर बगदादला आले. १६ मेला त्यांनी पहिला हुकूम काढला: सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतले लोक सरकारी नोकरीतून बाद. या श्रेणींत सद्दामचे मारेकरी होते तसे हजारो शाळामास्तरही होते, कारण बढतीसाठी पक्षात नाव लागायचं. २३ मेला दुसरा हुकूम: इराकी सैन्य बरखास्त. जवळजवळ चार लाख माणसं, बंदूक चालवता येणारी, घरी बंदूक असणारी, एका सहीने बेकार. सुरुवातीला निवृत्तिवेतनाचीही खात्री नाही.

आता मजा बघा. १२ मार्चला, हल्ल्याच्या आठवडाभर आधी, राष्ट्राध्यक्षांसमोरच्या बैठकीत ठरलं होतं की इराकी सैन्य टिकवायचं आणि पुनर्बांधणीच्या कामाला लावायचं. मग ते बदललं कुणी? परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल म्हणाले, मला विचारलं नाही. गार्नरना ब्रेमर आल्यावर कळलं. २००७ मध्ये बुश यांनी आपल्या चरित्रकाराला सांगितलं की धोरण तर सैन्य टिकवायचंच होतं, पण तसं झालं नाही. जणू सैन्य पावसात वाहून गेलं. हे छापून आल्यावर ब्रेमर यांनी दोन पत्रं वर्तमानपत्राला दिली. पहिलं त्यांनी २२ मेला बुश यांना लिहिलेलं, त्यात सैन्य बरखास्त करणार असल्याचा उल्लेख आहे. दुसरं बुश यांचं २३ मेचं उत्तर: तुम्हाला माझा पूर्ण पाठिंबा आणि विश्वास आहे.

ब्रेमर आणि त्यांचे सल्लागार वॉल्टर स्लोकम यांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, सैन्य आधीच विरघळलं होतं. शिपाई घरी पळाले होते, छावण्यांतले नळ आणि खिडक्यासुद्धा लोकांनी नेल्या होत्या. नसलेलं सैन्य आम्ही कसलं बरखास्त केलं? यात तथ्य आहे. पण घरी गेलेला सैनिक परत बोलावता येतो. गार्नरच्या कार्यालयातले कर्नल पॉल ह्यूज तेच करत होते. इराकी अधिकाऱ्यांशी बोलून पगार घ्यायला तयार असलेल्या लाखभर माणसांची नावं त्यांनी गोळा केली होती. हुकूम निघाला तेव्हा ते अमेरिकेत होते, बातमी त्यांना टीव्हीवरून कळली.

१८ जूनला ब्रेमरच्या महालाच्या फाटकाबाहेर पगार मागायला माजी सैनिक जमले. दगडफेक झाली, अमेरिकी सैनिकांनी गोळ्या झाडल्या, दोघे मेले. पाच दिवसांनी माजी सैनिकांना मासिक भत्ता देण्याची घोषणा झाली. भत्ता देता येत होता, तर तो महिनाभर आधी का नाही? त्या महिन्याभरात किती जण कायमचे दुसरीकडे गेले याचा हिशेब कुणी मांडू शकत नाही. दहा वर्षांनी इस्लामिक स्टेटच्या लष्करी फळीत सद्दामच्या सैन्यातले अधिकारी मोक्याच्या जागी दिसले, एवढं नक्की.

या घटनेचा हिशेब मी असा लावतो. सही ब्रेमरची, त्यामुळे तात्काळ दोष त्यांचा. मसुदा संरक्षण खात्यात फिरला होता, म्हणून रम्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी डग्लस फाइथ त्यातून सुटत नाहीत. आणि स्वतःच्या बैठकीतला निर्णय उलटा फिरतोय हे पत्रात वाचूनही ज्याने ‘का?’ विचारलं नाही, त्याचा दोष सगळ्यांत जड, कारण हुकूम थांबवायला त्याचा एक फोन पुरला असता.

कायदा काय म्हणतो

‘वाईट नियोजन’ नावाचा गुन्हा कुठल्याच आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. हल्ला बेकायदा होता का, हा वेगळा प्रश्न. कैद्यांचा छळ हाही वेगळा. पण मुलूख ताब्यात आल्यावरचं कर्तव्य मात्र स्पष्ट लिहिलेलं आहे. १९०७ च्या हेग नियमांतलं ४३ वं कलम सांगतं की ताबा घेणाऱ्याने सार्वजनिक सुव्यवस्था आणि सुरक्षितता परत आणण्यासाठी आपल्या हातातले सगळे उपाय योजायचे, आणि अगदीच अशक्य नसेल तर तिथले चालू कायदे पाळायचे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने त्यात अन्न आणि औषधांची जबाबदारी घातली. ‘हातातले सगळे उपाय’ ही शब्दयोजना महत्त्वाची. कमी सैनिक घेऊन आलो म्हणून उपाय हातात नव्हते, ही सबब कितपत चालावी? हात आपणच आखूड कापून घेतलेले.

एक बारकावा तर भन्नाट आहे. ब्रिटनचे महान्यायवादी लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी २६ मार्च २००३ रोजीच पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना लेखी कळवलं होतं की सुरक्षा परिषदेच्या ठरावाशिवाय इराकच्या शासनव्यवस्थेत मोठे फेरफार लादणं कायद्याला धरून होणार नाही. अमेरिका आणि ब्रिटन यांना ताबा घेणाऱ्या सत्ता मानणारा १४८३ क्रमांकाचा ठराव संमत झाला २२ मेला. ब्रेमर यांचा पहिला हुकूम त्याच्या सहा दिवस आधीचा.

ब्रिटनने निदान विचारलं

अमेरिकेत या प्रश्नाची एकत्रित, वरपर्यंत जाणारी अशी चौकशी झालीच नाही. पुनर्बांधणीच्या पैशांसाठी खास महानिरीक्षक नेमले गेले, त्यांनी कामही चोख केलं, पण त्यांचा रोख हिशेबावर होता. ब्रिटनने २००९ मध्ये सर जॉन चिलकॉट यांची समिती नेमली. अहवाल यायला सात वर्षं लागली, ६ जुलै २०१६ उजाडला. १२ खंड, २६ लाख शब्द. एवढा मोठा की वाचायच्या आधीच लोक दमले.

त्यातला युद्धोत्तर नियोजनावरचा निष्कर्ष मात्र चार ओळींत मावतो. तयारी पूर्णपणे अपुरी होती. अमेरिका चांगली योजना करेल आणि संयुक्त राष्ट्रं पुढाकार घेतील, असं ब्रिटनने गृहीत धरलं. टोनी ब्लेअर यांनी कुणा एका मंत्र्याकडे हे काम स्पष्टपणे सोपवलं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: अंतर्गत यादवी, इराणचा हस्तक्षेप, शेजारपाजारची अस्थिरता, अल-कायदाची घुसखोरी, यांतला प्रत्येक धोका हल्ल्याआधी लेखी नोंदवलेला होता. त्यामुळे ‘मागाहून शहाणपण सगळ्यांनाच सुचतं’ हा बचाव समितीने फेटाळला.

त्याच दिवशी ब्लेअर पत्रकारांसमोर आले. आवाज बसलेला. कोणताही अपवाद किंवा सबब न सांगता पूर्ण जबाबदारी घेतो, म्हणाले. त्याच बैठकीत हेही म्हणाले की तीच माहिती समोर असती तर पुन्हा तोच निर्णय घेतला असता. जबाबदारी घेतली म्हणजे नक्की काय घेतलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

प्रतिनिधींचं काय? ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाची मोकळीक दिली. ब्रिटिश संसदेने १८ मार्च २००३ ला ४१२ विरुद्ध १४९ मतांनी. ११ फेब्रुवारीला सिनेटच्या परराष्ट्र समितीने फाइथ यांना नंतरच्या योजनेबद्दल विचारलं, मोघम उत्तरं मिळाली, सदस्य चिडले. पण मोकळीक चार महिन्यांपूर्वीच देऊन झाली होती. सही केल्यावर अटी वाचायला घेतल्यासारखं ते होतं.

इराकी नेत्यांचा वाटाही आहेच. ऑक्टोबर २००२ मध्ये सद्दामने तुरुंगांची दारं उघडून हजारो गुन्हेगार सोडले. परदेशातून परतलेले अहमद चलाबी पुढे बाथवाल्यांना वेचून काढणाऱ्या आयोगाचे प्रमुख झाले आणि पहिल्या हुकुमाला धार आली. बॉम्ब ठेवणारे हात अमेरिकेचे नव्हते. पण पोलीस, सैन्य आणि न्यायालयं एकदम नाहीशी झाली की कोणत्याही समाजातले सर्वांत क्रूर लोकच सर्वांत लवकर संघटित होतात, हे सांगायला १३ खंडही लागत नाहीत.

हा धडा शिकला गेला का? २००५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने कागदोपत्री ठरवलं की स्थैर्य राखणं हेही लढाईइतकंच मुख्य काम आहे. सहा वर्षांनी लिबिया. इराकच्या अनुभवाने पोळल्यामुळे तिथे सैन्य उतरवायचंच नाही असं ठरलं. तिथला हुकूमशहा गद्दाफी ऑक्टोबर २०११ मध्ये मारला गेला, महिनाअखेरीस नाटोने मोहीम गुंडाळली आणि मागे सशस्त्र टोळ्या उरल्या. २०१६ मध्ये बराक ओबामा यांना कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक विचारली तेव्हा त्यांनी लिबियातल्या ‘नंतरच्या दिवसाचं’ नियोजन न करणं, असं उत्तर दिलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या समितीने तिथल्या फसलेल्या धोरणाची अंतिम जबाबदारी डेव्हिड कॅमेरून यांच्यावर टाकली. अहवाल आला तेव्हा कॅमेरून पंतप्रधानपदी नव्हते.

इराकच्या बाबतीत खुर्ची गेलेले अगदी थोडे. नोव्हेंबर २००४ मध्ये बुश पुन्हा निवडून आले. रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला तो नोव्हेंबर २००६ मध्ये, संसदेच्या मध्यावधी निवडणुकीत बुश यांचा पक्ष आपटल्यावर. १४ डिसेंबर २००४ रोजी व्हाइट हाऊसमध्ये एक समारंभ झाला आणि नागरिकांना दिला जाणारा सर्वोच्च सन्मान तिघांना मिळाला: गुप्तचर प्रमुख राहिलेले जॉर्ज टेनेट, लढाई चालवणारे टॉमी फ्रँक्स, आणि सैन्य बरखास्त करणारे पॉल ब्रेमर.

एरिक शिनसेकी २००९ मध्ये ओबामांच्या मंत्रिमंडळात आले, माजी सैनिकांच्या खात्याचे मंत्री म्हणून. त्या युद्धातून परतलेल्या जखमींची व्यवस्था आता त्यांच्याकडे होती. २०१४ मध्ये उघड झालं की खात्याच्या रुग्णालयांत सैनिकांना महिनोन्‌महिने ताटकळावं लागतं आणि खालचे अधिकारी प्रतीक्षायाद्यांत फेरफार करून वर चांगले आकडे पाठवतात. आपल्याला खोटे आकडे दिले गेले, असं शिनसेकी म्हणाले. मग माफी मागितली, आणि ३० मे रोजी राजीनामा दिला.